अमेरिकेत 'सेक्शन एट' व्हाउचरधारक कुटुंबाला घर भाड्याने देताना

अमेरिकेत स्थिरावलेली अनेक मराठी कुटुंबे राहत्या घराचे हप्ते मार्गी लागले की दुसरे घर गुंतवणूक म्हणून घेतात. ते भाड्याने देण्याची जाहिरात केली की चौकशी करणाऱ्यांपैकी कोणीतरी विचारतेच, की आपण व्हाउचर, म्हणजे सरकारी भाडेसाहाय्याची हमी, स्वीकारता का. या प्रश्नाला बहुतेक नवे घरमालक घाईने नकार देतात आणि काही राज्यांत त्या एका उत्तराने कायद्याचा भंग होतो. उलट काहीजण 'सरकार भाडे देणार' एवढ्याच भरवशावर होकार देतात आणि पहिल्या दोन महिन्यांत पैसेच न आल्याने हवालदिल होतात. या योजनेचे नियम लेखी आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. हा क्रम पाळणाऱ्याला भाड्याचा मोठा हिस्सा नियमित मिळतो, आणि वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहिलेल्या कुटुंबाला स्थिर घर मिळते.

योजना नेमकी काय आहे

१९३७ च्या अमेरिकी गृहनिर्माण कायद्याच्या आठव्या कलमाला १९७४ मध्ये नवे रूप देण्यात आले आणि खासगी घरांत राहणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना भाडेसाहाय्य देण्याची सोय झाली. त्यावरून 'सेक्शन एट' हे नाव रूढ झाले. आज तिचे अधिकृत नाव 'हाउसिंग चॉइस व्हाउचर' असे आहे. पैसा केंद्र सरकारचे गृहनिर्माण व नगरविकास खाते, म्हणजे 'हड', पुरवते. प्रत्यक्ष कारभार देशभरातील दोन हजारांहून अधिक स्थानिक हाउसिंग ऑथॉरिटी पाहतात. वीस लाखांहून अधिक कुटुंबे या व्हाउचरवर राहतात आणि त्यांपैकी बहुतेकांच्या घरात वृद्ध, अपंग व्यक्ती किंवा लहान मुले असतात.

या व्यवहारात पक्ष तीन आहेत आणि करार दोन. घरमालक आणि कुटुंब यांच्यात नेहमीसारखे लीज होते. घरमालक आणि हाउसिंग ऑथॉरिटी यांच्यात अनुदानाचा वेगळा करार होतो, ज्याला सर्वजण 'हॅप कॉन्ट्रॅक्ट' म्हणतात. लीजला 'हड'ची एक ठरलेली पुरवणी जोडावीच लागते, आणि लीजमधील एखादे कलम त्या पुरवणीशी विसंगत असेल तर पुरवणीच ग्राह्य धरली जाते. वकिलाकडून कितीही कडक लीज लिहून घेतले तरी हे बदलत नाही. म्हणून आपले लीज तयार करण्याआधी ही पुरवणी एकदा सावकाश वाचावी.

पहिली पायरी: आपल्या राज्याचा कायदा पाहा

केंद्राच्या १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यात वंश, धर्म, लिंग, अपंगत्व, मुले असलेले कुटुंब इत्यादी कारणांवरून भेदभावाला मनाई आहे, परंतु उत्पन्नाच्या स्रोताचा त्यात समावेश नाही. त्यामुळे व्हाउचर नाकारता येते की नाही, हे राज्य आणि शहर ठरवते. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट, मेरीलँड, व्हर्जिनिया, वॉशिंग्टन आणि ऑरेगन या राज्यांत उत्पन्नाच्या कायदेशीर स्रोतावरून नकार देण्यास बंदी आहे. कॅलिफोर्नियात ती १ जानेवारी २०२० पासून व्हाउचरला स्पष्टपणे लागू झाली आणि इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०२३ पासून. टेक्सासने मात्र २०१५ मध्ये कायदा करून शहरांना असे नियम करण्यापासूनच रोखले. माजी सैनिकांच्या बाबतीत तेवढा अपवाद ठेवला.

बंदी असलेल्या राज्यांत जाहिरातीत 'व्हाउचर चालणार नाही' असे लिहिणे तर बेकायदा आहेच, पण मासिक उत्पन्न भाड्याच्या तिप्पट हवे अशी अट पूर्ण भाड्यावर लावणेही अडचणीत आणते. न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात अशी अट कुटुंबाने स्वतः भरायच्या हिश्शापुरतीच लावता येते. घर एडिसनमध्ये असो वा फ्रीमाँटमध्ये, आपल्या ओळखीतल्या एखाद्या घरमालकाने 'आम्ही घेत नाही' असे सांगितले म्हणून आपणही तेच म्हणू नये. त्यांचे राज्य वेगळे असू शकते, किंवा त्यांनाही नियम ठाऊक नसू शकतो.

दुसरी पायरी: किती भाडे मिळू शकते याचे गणित

नव्या घरमालकांचा सर्वाधिक गोंधळ येथे होतो, म्हणून या पायरीला वेळ द्यावा. 'हड' दरवर्षी प्रत्येक भागासाठी, शयनगृहांच्या संख्येनुसार, 'फेअर मार्केट रेंट' जाहीर करते. हे दर १ ऑक्टोबरपासून लागू होतात आणि ते त्या भागातील भाड्यांच्या चाळिसाव्या शतमकावर, म्हणजे मध्यापेक्षा थोडे खाली, बेतलेले असतात. त्यांच्या साधारण ९० ते ११० टक्क्यांच्या पट्ट्यात स्थानिक ऑथॉरिटी आपले 'पेमेंट स्टँडर्ड', म्हणजे अनुदानाच्या हिशेबासाठी धरायची भाड्याची पातळी, ठरवते. काही महानगरांत हे दर झिप कोडनिहाय असतात आणि तेथे दोन शेजारच्या गावांतही मोठा फरक पडतो. हा तक्ता ऑथॉरिटीच्या संकेतस्थळावर मिळतो. घर विकत घेण्यापूर्वीच तो पाहिला तर अधिक चांगले.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, दोन शयनगृहांच्या घराचे पेमेंट स्टँडर्ड २,००० डॉलर आहे. आपण १,८५० डॉलर भाडे मागितले आहे आणि गॅस व वीज कुटुंबाने भरायची आहे, ज्यासाठी ऑथॉरिटीच्या तक्त्यात २०० डॉलर धरलेले आहेत. म्हणजे एकूण भाडे २,०५० डॉलर झाले. कुटुंबाचे वजावटीनंतरचे मासिक उत्पन्न २,००० डॉलर असेल, तर त्याचे ३० टक्के, म्हणजे ६०० डॉलर, हा त्यांचा मूळ हिस्सा. पेमेंट स्टँडर्डमधून तो वजा केला की अनुदान १,४०० डॉलर येते. तेव्हा आपल्या १,८५० डॉलरपैकी १,४०० ऑथॉरिटी देईल आणि ४५० कुटुंब देईल. विजेचा व गॅसचा खर्च धरून कुटुंबावर एकूण ६५० डॉलरचा भार पडेल.

पेमेंट स्टँडर्डपेक्षा एकूण भाडे जास्त असल्यास आणखी एक मर्यादा लागू होते. नव्या घरात प्रवेश करताना कुटुंबाचा एकूण भार त्यांच्या वजावटीनंतरच्या उत्पन्नाच्या ४० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. वरच्या उदाहरणात ही मर्यादा ८०० डॉलर आहे. आपण १,८५० ऐवजी २,०५० डॉलर मागितले असते, तर भार ८५० वर गेला असता आणि ऑथॉरिटीला या कुटुंबासाठी मंजुरी देताच आली नसती. याच कुटुंबाकडून मिळू शकणारे कमाल भाडे २,००० डॉलर ठरते. पन्नास डॉलरसाठी मंजुरी अडते तेव्हा त्यामागे कोणाचा हट्ट नसतो, हे नियमच असतात.

याशिवाय 'रेंट रिझनेबलनेस' ही स्वतंत्र कसोटी आहे. परिसरातील तशाच, अनुदान नसलेल्या घरांच्या भाड्याशी तुलना करून आपले भाडे वाजवी आहे की नाही हे ऑथॉरिटी ठरवते. पेमेंट स्टँडर्ड २,००० आहे म्हणून १,७०० च्या घराला २,००० मागता येत नाहीत. आपण घरात नवे स्वयंपाकघर, वॉशर-ड्रायर किंवा गॅरेज दिले असेल तर ते अर्जात स्पष्ट लिहावे आणि तुलनेची तीन-चार घरे स्वतःच शोधून जोडावीत. याचा उपयोग होतो. आणखी एक बारकावा असा, की व्हाउचर दोन शयनगृहांचे आणि घर तीन शयनगृहांचे असेल तर हिशेब दोन शयनगृहांच्या दराने होतो.

तिसरी पायरी: भाडेकरूची निवड आपलीच

ऑथॉरिटी कुटुंबाची पात्रता तपासते, पण ते भाडेकरू म्हणून कसे आहेत याची हमी देत नाही. ती जबाबदारी घरमालकाची असते. कुटुंबाचा सध्याचा आणि आधीचा पत्ता, तसेच त्या घरमालकांची माहिती ऑथॉरिटीकडे असल्यास ती आपल्याला मागता येते. ती जरूर मागावी आणि विशेषतः आधीच्या घरमालकाशी बोलावे, कारण सध्याच्या घरमालकाला कुटुंब जावे असे वाटत असेल तर तो गोडच बोलेल. व्हाउचर नसलेल्या अर्जदारांना जे निकष लावाल तेच येथेही लावा, आणि ते आधी लिहून ठेवा. न्यू जर्सीत २०२२ पासून सशर्त होकार देण्यापूर्वी गुन्हेगारी पार्श्वभूमी विचारण्यावर निर्बंध आहेत, हेही लक्षात असू द्यावे.

पतगुणांकाच्या बाबतीत माझे मत असे, की भाड्याचा मोठा हिस्सा ऑथॉरिटीकडून येणार असताना वैद्यकीय बिलांनी खालावलेल्या गुणांकाला फार वजन देऊ नये. वीज आणि गॅसची थकबाकी मात्र पाहावी, कारण ती जोडणी कुटुंबाच्या नावावर होणार असेल आणि झालीच नाही तर घर तपासणीत अडकते.

स्वतःचे आई-वडील, आजी-आजोबा, मुले, नातवंडे, भाऊ किंवा बहीण यांना या योजनेखाली घर देता येत नाही. अपंग व्यक्तीच्या सोयीसाठी ऑथॉरिटीने मान्यता दिली तरच अपवाद होतो. ग्रीन कार्डवर आलेल्या आई-वडिलांसाठी हा मार्ग शोधणाऱ्यांनी हे आधीच जाणून घ्यावे.

व्हाउचर कोणत्या प्रकारचे आहे, हेही विचारावे. बेघर माजी सैनिकांसाठीचे व्हाउचर सैनिक कल्याण खात्याच्या मदतीने चालते आणि त्यात कुटुंबाला समाजसेवकाची साथ असते, जी घरमालकालाही उपयोगी पडते. २०२१ मध्ये साथीच्या काळात दिलेली सुमारे ७०,००० आणीबाणीची व्हाउचर मात्र एकरकमी निधीवर आधारलेली होती. तशा व्हाउचरवर घर देताना पुढील निधीची स्थिती ऑथॉरिटीला विचारून घ्यावी.

चौथी पायरी: कागदपत्रे

आपण आणि कुटुंबाने एकमेकांना होकार दिला की कुटुंबाजवळील मंजुरी-विनंतीचा अर्ज दोघांनी मिळून भरायचा असतो. घर शोधण्यासाठी कुटुंबाला किमान ६० दिवस मिळतात आणि आपल्याकडे येईपर्यंत त्यांपैकी बरेच सरलेले असू शकतात. म्हणून हा अर्ज आठवडाभर टेबलावर पडू देऊ नये. अर्जात भाडे, घराचे बांधकामवर्ष आणि कोणता खर्च कोणाकडे हे लिहायचे असते. पाण्याचे बिल, हीटिंगचे इंधन, शेगडी, फ्रिज या प्रत्येक ओळीचा परिणाम वरच्या गणितावर होतो, म्हणून अंदाजाने खुणा करू नयेत.

सोबत मालकीचा पुरावा, कराची माहिती देणारा डब्ल्यू-नाइन अर्ज आणि थेट खात्यात पैसे जमा होण्यासाठी बँकेचा तपशील लागतो. घर कंपनीच्या नावावर असेल तर सर्व कागदांवर तेच नाव यावे. दस्तावर पती-पत्नी दोघे आणि अर्जावर एकटे, एवढ्याशा फरकानेही पहिला हप्ता लांबतो.

पाचवी पायरी: तपासणी

घर 'हड'च्या दर्जाला उतरते की नाही हे पाहिल्याशिवाय अनुदान सुरू होत नाही. निरीक्षक येण्याआधी वीज, पाणी आणि गॅस चालू असले पाहिजेत. नाहीतर त्याला काही तपासताच येत नाही आणि पुढची तारीख मिळेपर्यंत घर रिकामे राहते. नापास होण्याची कारणे बहुधा किरकोळ असतात. प्रत्येक मजल्यावर धुराचा इशारा देणारे यंत्र हवे. २०२४ च्या अखेरीपासून ते थेट वायरिंगला जोडलेले किंवा सीलबंद बॅटरीचे असावे लागते. इंधनावर चालणारी भट्टी, शेगडी किंवा जोडलेले गॅरेज असेल तर कार्बन मोनॉक्साइडचे यंत्रही लागते. गरम पाण्याच्या टाकीच्या सुरक्षा-झडपेला खाली नेणारी नळी नसणे, लागोपाठ चार किंवा अधिक पायऱ्यांना कठडा नसणे, खिडकीची कडी तुटलेली असणे, न्हाणीघरात खिडकी वा पंखा नसणे, उघड्या तारा, गळका नळ या नेहमीच्या गोष्टी आहेत. बेसमेंटमधील खोली शयनगृह म्हणून दाखवायची असेल तर बाहेर पडता येईल अशी खिडकी हवी. निरीक्षकाच्या यादीची प्रत ऑथॉरिटीकडून मागून घ्यावी आणि आदल्या आठवड्यात टॉर्च हातात घेऊन स्वतः घरभर फिरावे.

१९७८ पूर्वीच्या घरांबाबत विशेष दक्षता हवी, कारण तेव्हापर्यंत घरांच्या रंगात शिसे वापरले जाई. अशा घराचे लीज करताना शिशाविषयीची माहिती आणि ठरलेली पुस्तिका कुटुंबाला देणे बंधनकारक आहे. सहा वर्षांखालील मूल राहणार असेल तर सुटलेला, पोपडे आलेला रंग प्रशिक्षित माणसाकडून सुरक्षित पद्धतीने दुरुस्त करून घ्यावा लागतो. शिसे पोटात गेल्यास लहान मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम होतो. रंगकाम स्वस्तात उरकण्यासाठी कोरडी घासाई करणारा माणूस बोलावला तर ती धूळ घरभर पसरते, म्हणून येथे चार पैसे वाचवण्याचा विचारही करू नये. न्यू जर्सीत जुन्या भाड्याच्या घरांसाठी राज्याची स्वतंत्र शिसे-तपासणीही आहे.

पुढे दर वर्षी किंवा दोन वर्षांनी तपासणी होते. जिवाला धोका असलेला दोष २४ तासांत आणि बाकीचे दोष साधारणपणे ३० दिवसांत दूर करायचे असतात. घरमालकाने ते केले नाहीत तर अनुदान थांबते, थांबलेल्या काळाचे पैसे नंतर मिळत नाहीत आणि ते कुटुंबाकडून वसूलही करता येत नाहीत.

किल्ली केव्हा द्यावी

तपासणी उत्तीर्ण झाल्याचे आणि भाडे मंजूर झाल्याचे लेखी कळेपर्यंत किल्ली देऊ नये. कुटुंब मोटेलमध्ये दिवस काढत असते, मुलांची शाळा सुरू होणार असते आणि आपल्यालाही दया येते. परंतु तपासणीपूर्वीच्या दिवसांचे अनुदान ऑथॉरिटी देत नाही, आणि त्या काळाचे पूर्ण भाडे भरणे कुटुंबाला शक्य नसते. त्यांना खरी मदत करायची असेल तर दुरुस्ती लवकर करून तपासणीची तारीख अलीकडे आणावी. हॅप करारही लीज सुरू झाल्यापासून ६० दिवसांत व्हावा लागतो. त्यानंतर झालेला करार रद्दबातल ठरतो.

पहिले लीज सर्वसाधारणपणे किमान एका वर्षाचे असते. महाराष्ट्रातील अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सची सवय असलेल्यांनी येथे ती बाजूला ठेवावी, आणि डिपॉझिटच्या अपेक्षाही तशाच आवराव्यात. न्यू जर्सीत दीड महिन्याच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही. अनामत कुटुंबाकडून घ्यायची असते आणि घराचे नुकसान झाल्यास सर्वसाधारणपणे तीच आधाराला असते, म्हणून प्रवेशाच्या दिवशी प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून दोघांच्या सह्यांनिशी यादी करावी.

पहिला हप्ता एक-दोन महिने उशिरा आणि एकत्रित येणे नवलाचे नाही. तेवढ्या काळाचे मॉर्गेज भरण्याची तरतूद हाताशी ठेवावी. शिवाय हा निधी काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, दरवर्षी मंजूर करते, त्यामुळे अर्थसंकल्पाचा तिढा पडला की काळजी वाटणे स्वाभाविक आहे. दोन-तीन महिन्यांची गंगाजळी असली तर ती काळजी पेलता येते.

कुटुंब राहू लागल्यावर

कुटुंबाचे उत्पन्न घटले तर त्यांचा हिस्सा कमी होऊन ऑथॉरिटीचा वाढतो आणि आपले एकूण भाडे तेवढेच राहते. नोकरी गेली की भाडे थकणे हा सामान्य भाडेकरूबाबतचा मोठा धोका येथे बराच कमी होतो, तो यामुळे. मात्र उत्पन्नातील बदल कुटुंबाने ऑथॉरिटीला वेळेवर कळवावा लागतो. थकबाकी दिसताच आधी तेवढी आठवण करून द्यावी.

मंजूर भाड्यापलीकडे एक डॉलरही हातावर घेऊ नये. 'पार्किंगचे शंभर वेगळे द्या, त्यांना सांगू नका' असा व्यवहार म्हणजे सरकारची फसवणूक होय. त्यात पैसे परत करण्यापासून खटल्यापर्यंत काहीही होऊ शकते, आणि ज्याच्याकडून ते घेतले जातात त्याला बहुधा नकार देण्याची सोयच नसते.

पहिल्या मुदतीत भाडे वाढवता येत नाही. त्यानंतर वाढवायचे असल्यास ऑथॉरिटीला किमान ६० दिवस आधी कळवावे लागते आणि वाजवीपणाची कसोटी पुन्हा लागते. ऑथॉरिटीने आपला हिस्सा दिला नाही म्हणून कुटुंबाला घराबाहेर काढता येत नाही. कुटुंबाने स्वतःचा हिस्सा थकवला किंवा लीजचा गंभीर भंग केला तर राज्याच्या कायद्यानुसार न्यायालयात जाता येते, पण नोटिशीची प्रत ऑथॉरिटीलाही द्यावी लागते. न्यू जर्सीत तर मुदत संपली एवढ्या कारणावर बहुतेक भाडेकरूंना निघायला सांगता येत नाही. घरगुती हिंसाचाराची झळ बसलेल्या व्यक्तीला त्या हिंसाचाराच्या कारणावरून काढण्यास केंद्रीय कायद्यानेच मनाई आहे.

कुटुंब घर सोडते तेव्हा त्या महिन्याचे अनुदान आपल्याला ठेवता येते. पुढील महिन्याचे चुकून जमा झाले तर परत करायचे असते. घर विकल्यास नव्या मालकाच्या नावे हॅप करार करण्यासाठी ऑथॉरिटीची लेखी संमती लागते.

कर, व्हिसा आणि भारतात परतणे

ऑथॉरिटीकडून आलेला आणि कुटुंबाकडून आलेला, दोन्ही हिस्से आपले करपात्र भाडेउत्पन्न असतात. दुरुस्ती, विमा, व्याज आणि साडेसत्तावीस वर्षांवर विभागलेला घसारा यांची वजावट मिळते. एच-वन-बी व्हिसावर घर घेऊन भाडे घेण्यास हरकत नसते, पण रोजचे व्यवस्थापन स्वतः करणे हे काम मानले जाऊ शकते. अशांनी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घेऊन व्यवस्थापन कंपनी नेमणे श्रेयस्कर, आणि तसे केल्यास तिच्यासोबतच्या कराराची प्रत ऑथॉरिटीलाही द्यावी.

भारतात कायमचे परतून अमेरिकेच्या दृष्टीने अनिवासी झाल्यावर स्थिती बदलते. काहीच न कळवल्यास व्यवस्थापकाला एकूण भाड्यातून ३० टक्के कर कापून ठेवावा लागतो. भाड्याचे उत्पन्न अमेरिकेतील व्यवसायाशी निगडित मानावे, असा पर्याय विवरणपत्रातून निवडून त्याला अनुरूप अर्ज व्यवस्थापकाकडे दिला, की खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवरच कर लागतो. त्याच वेळी भारतात निवासी ठरल्यावर तेथेही हे उत्पन्न दाखवावे लागते आणि दोन्ही देशांतील करारानुसार अमेरिकेत भरलेल्या कराचे श्रेय घेता येते. विमानाची तिकिटे काढण्याआधी हे अर्ज पूर्ण करावेत, बँकेचे खाते चालू ठेवावे आणि नवा पत्ता ऑथॉरिटीला लेखी कळवावा, कारण तपासणीची सूचना जुन्या पत्त्यावर गेली तरी दुरुस्तीची मुदत धावतच राहते.